अक्षता खाली ठेवायच्या नाहीत

— सांगते की हो शिल्पाताई, तुमच्या मालविकेनं चित्रं सोडून नीटच्या अभ्यासाला बसावं म्हणून कोणतं व्रत धरायचं ते सांगते, पण आधी मी धरलेलं ऐका. असलंच होतं. अकरा गुरुवार, एकवेळ जेवून. आमच्या राघवेंद्रला डॉक्टर व्हायला दोन वर्षं लातूरला ठेवला, आणि त्याच्या खोलीखाली निघालं कुणाचं दुकान? लग्नाच्या बँडवाल्या संगमेश्वरमामांचं. त्यांनी त्याच्या हाती सॅक्सोफोन दिला. मग नीटच्या परीक्षेत उत्तरांचे गोल नुसते काळे करून आला, तेही म्हणे तालात. पुढं तो आणि त्याचे तीन दोस्त, चौघं मिळून जॅझ करून राहिले. जॅझ म्हणजे काय — मीही हेच विचारलं. तो म्हणाला, आई, सुरुवात ठरलेली असते, पुढचं ज्यानं त्यानं तिथल्या तिथं रचायचं. म्हणजे आम्ही चौघी जावा पुरणाचा स्वयंपाक करायचो तसंच की — चौघींची तोंडं चार दिशांना, पंगत मात्र वेळेवर.

पण तेव्हा मला एवढं कुठं कळत होतं? देवाला म्हटलं, त्याच्या हातातलं ते पितळी भोंगं जाऊ दे. आणि पाचव्या गुरुवारी गेलंच. लातूरहून एसटीनं येताना डोळा लागला, नांदेडला धडपडत उतरला, सॅक्सोफोनची पेटी गाडीतच, गाडी पुढं गेली. बारा दिवसांवर त्यांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग. आमचे हे म्हणाले, पेढे आणतो. देव एवढा पटकन ऐकतो हे ठाऊक असतं तर जरा जपून बोलले असते. पोरगा रडला न्हाई, जेवलाही न्हाई. पलंगावर बसला आणि बोटं चालू — गुडघ्यावर, हवेत, झोपेतसुद्धा. मला ते बघवेना.

देवाकडचा अर्ज मागं घेता येतो का? येतो, दुसरा लावावा लागतो. म्हटलं, चुकलं. पेटी सापडू दे. जे काही वाजवील ते अकरा बायकांना कहाणीसारखं ऐकवीन — हातात अक्षता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधून कुणी उठायचं न्हाई, उठली तर परत पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पुढच्या डेपोतून फोन, पेटी सापडली. हे त्याला सांगितलेलं न्हाई हं — त्याला वाटतं तोच पेटी विसरला. तुम्हालाही सांगायचं नव्हतं खरं तर.

तर अल्बम आला. सात तुकडे, एक्केचाळीस मिनिटं. पुण्याच्या कुणीतरी लिहिलं, फार धाडसी आहे. धाडसाचं आम्हाला सांगता? आम्ही त्याची दोन वर्षं लातूरची फी भरलेली. दहा बायका झाल्या. साखराबाई झोपल्या — चालतं, उठल्या न्हाईत. बसम्मा सारखी विचारी, गाणं कधी सुरू होणार. गुरम्मा मात्र फसली. पाचव्या तुकड्यात चौघंही गप्प होतात, ती समजली संपलं, अक्षता वाहिल्या, प्रसादाला हात पुढं. ते गप्प बसणंही रचलेलं आहे म्हटलं, आणि लावलं परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला तिथं तिचे डोळे भरले. आमचे हे? हे ऐकत न्हाईत. लावलं की पिशवी घेऊन भाजीला. मागच्या गुरुवारी पिशवी रिकामीच घेऊन आले, एक्केचाळीस मिनिटांनी. जिन्यात बसले होते. मी नुसती पिशवी घेतली.

अकराव्या तुम्ही. न्हाई म्हणू नका, विरजण न्यायला आलात ते देते, पण नंतर. आणि व्रत म्हणाल तर हेच धरा — मालविकेची चित्रांची वही अशीच मांडीवर घ्या, हातात अक्षता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधून उठायचं न्हाई. मग देवाकडं काय मागायचं ते मागा, मी अडवणार न्हाई.

घ्या, मूठ मिटा. फोन बाजूला ठेवा. पाचव्यात सगळे गप्प झाले तरी मी खुणावल्याशिवाय अक्षता टाकायच्या न्हाईत.

लावते. आता बोलायचं न्हाई.