सरासरीखालचा दवाखाना

मी श्रीमती विनिफ्रेड रॉय थ्रेलफॉल, वय ७६, धंदा पूर्वी मासळी कारखान्यात, आता घरकाम, रा. बंदर गल्ली, फ्लीटवुड, लँकेशायर. ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती रॉय यांच्यासह राहते. ते मासेमारी बोटीवर होते. बोट बुडाली तेव्हा वाचले ते एकटेच. तेव्हापासून त्यांना झोप येत नसे. जुन्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्यावर ते वर्षानुवर्षे झोपत होते.

गेल्या हिवाळ्यात नवे डॉक्टर पेनकेथ यांनी आम्हां दोघांना बोलावून संगणकावर एक आलेख दाखवला. झोपेच्या गोळ्या लिहून देण्यात आपला दवाखाना देशाच्या सरासरीच्या दुप्पट आहे, असे त्यांनी सांगितले. रॉय म्हणाले, "मग देशाला नीट झोप लागत असेल." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या आणि झोपताना कोमट दूध घ्यायला सांगितले. मी विचारले, "अहो, एकदम बंद?" ते म्हणाले, "थोडा धीर धरा, बाई. सगळा देश धरतोय."

त्याच आठवड्यात रॉय यांना स्वयंपाकघरात फीट आली. पडून खुबा मोडला. दूध शेगडीवर होते, ते उतू गेले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्या अशा तोडत नाहीत हो, हळूहळू उतरवतात." त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

हे कळवायला महिन्याभराने मी डॉ. पेनकेथांच्या दवाखान्यात गेले. आत केक कापणे चालू होते. भिंतीवर मोठा कागद होता : 'अभिनंदन! झोपेच्या गोळ्यांत आपण आता देशाच्या सरासरीखाली!' नावे नोंदवायच्या खिडकीवरची शॅरन म्हणाली, "ये गं विन, केक घे." मी डॉक्टरांना रॉयचे सांगितले. त्यांनी वाईट वाटल्याचे सांगितले. मी विचारले, "गोळ्या परत चालू झाल्यात. मग तुमचा आलेख चढणार का?" ते म्हणाले, "नाही नाही, त्या इस्पितळाच्या हिशेबात जातात." त्यांच्या मिशीला साखर लागली होती.

मी भिंतीवरचा कागद काढून घेतला. कोणी अडवले नाही. सर्वांच्या हातात बश्या होत्या. घरी जाऊन कणकेची खळ शिजवली, परत आले आणि तो कागद डॉक्टरांच्या गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवला. मजकूर आतल्या बाजूने ठेवला, म्हणजे गाडीत बसल्यावर त्यांना वाचता येईल. शॅरनने पोलिसांना फोन केला. मी तिथेच थांबले.

रॉय अद्याप इस्पितळात आहेत. चालतील की नाही, सांगता येत नाही. झोप लागते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात' असे शब्द होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. खळ शिजवण्याआधी मी चहा घेतला होता. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.