उंदीर, चालू स्थितीत

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष तपासणी अधिकारी साहेब, व्यासपीठावरच्या डॉक्टरबाई, सोमवारपासून भांडाराच्या खिडकीवर बसणारे नवे स्टोअरकीपर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले स्टोअरकाका, पहिल्या रांगेतल्या काकू, टेबलाखाली झोपलेली सरकारी मांजर आणि समोर जमलेल्या माझ्या सगळ्या जुन्या-नव्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. एरवी आमच्यासारख्यांना कुणी दारात पाच मिनिटं उभं करत नाही, तेव्हा ती मी पुरवून वापरणार आहे.

काकांची उमेदीची वर्षं गेली लेखनसाहित्याच्या भांडारात. पेन्सिलीचं थोटूक जमा करा, नवी पेन्सिल घ्या. झाडूचा बुंधा दाखवा, नवा झाडू न्या. अशी वीस वर्षं काढल्यावर त्यांची बदली झाली आमच्या केंद्रात. पाहुण्यांसाठी सांगते, आमचं केंद्र म्हणजे नशेचं इंजेक्शन घेणाऱ्यांना कोरी सिरिंज देणारी खिडकी. एकाची सुई दुसऱ्यानं टोचून घेतली की रक्ताबरोबर एचआयव्हीही जातो. तो जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि इथंही वरून नियम आलेला: जुनी जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो फ्रेम करून भिंतीवर टांगला.

एका सकाळी मी रिकाम्या हातानं खिडकीवर गेले.

"जुनी?" काका म्हणाले.

"भावाकडे आहे."

"मग भावाला घेऊन या."

"तो उठायच्या अवस्थेत नाही हो."

"मग उठल्यावर या. आम्ही पाचपर्यंत आहोत."

एवढं बोलून त्यांनी रजिस्टरवरचा पेपरवेट सरळ केला. मी घरी गेले. भावाची सुई उशाशीच होती. भावाच्या रक्तात काय आहे, हे भावालाही ठाऊक नव्हतं. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, रोजची गोळी माझ्याआधी घेतो आणि वर मलाच आठवण करतो. गोळ्यांमुळे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, काळजी नसावी.

पण त्या वेळी माझा रिपोर्ट आला, तेव्हा मी तडक खिडकीवर गेले. खूप बोलले. इथं सांगण्यासारखं त्यात एकच वाक्य आहे: "काका, तुमचा नियम पाळला. जुनीच वापरली."

दुसऱ्या दिवशी एक रंगारी रिकाम्या हातानं आला. काकांनी त्याला कोरी सिरिंज दिली आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं: उंदरांनी कुरतडली, एक.

मंडळी, मग काय विचारता! त्या आठवड्यात उंदरांनी अकरा कुरतडल्या. पुढच्या महिन्यात तीनशे. वरून पत्र आलं, 'उंदीर धातू खातात काय? खुलासा करावा.' काकांनी खुलासा केला, 'प्लास्टिक खातात. धातू नुसता चघळतात.' वरून पिंजरा आला. पिंजरा रिकामाच राहिला, तेव्हा रीतसर आदेशानं ही मांजर आली. तिचं हजेरीपत्रक आहे, सही काका करतात. सहा महिन्यांनी मांजरीच्या नावे विचारणा, की आपण असताना उंदीर वाढले कसे? काकांनी तिच्या वतीनं उत्तर दिलं: 'प्रस्तुत उंदीर आकारानं मोठे असल्यानं मांजर बिचकते.'

हसा, हसा. काकूंनाही हे आजच कळतंय.

गंमत अशी, की जुन्या सुया मागणं बंद झालं आणि पिवळ्या डब्यात त्या जास्तच येऊ लागल्या. लोक दुसऱ्यांच्याही गोळा करून आणायचे. काका एकेकाला थांबवून पेन्सिलवाल्या आवाजात सांगायचे, "नुसती सुई नवी असून भागत नाही. इंजेक्शन बनवायचा चमचा, कापूस, पाणीसुद्धा ज्याचं त्यानं. उसनवारी चालणार नाही."

शेवटी उंदरांची तपासणी करायला अधिकारी आले. होय, तेच, आजचे अध्यक्ष. साहेब, रागावू नका. दोन दिवस तुम्ही टॉर्च घेऊन कपाटांमागे वाकत होतात. तिसऱ्या दिवशी कंबर धरली म्हणून काकांशेजारी, खिडकीपाशी बसलात. मी तेव्हा रांगेतच होते. संध्याकाळी तुम्ही अहवालात लिहिलंत: 'उंदीर प्रत्यक्ष पाहिले. संख्या मोठी आहे. साठा वाढवावा.' लोक आम्हाला याहून वाईट बरंच काही म्हणतात. पण आम्हाला बघून साठा वाढवा म्हणणारे तुम्ही पहिलेच.

आता एक मनातलं. काका, त्या एका सकाळचं ओझं तुम्ही नऊ वर्षं वाहिलंत. मी दहादा सांगितलं, आम्ही भावंडं त्याआधीही एकच सुई वापरायचो, कोणत्या दिवशी लागण झाली ते रक्त सांगत नाही. तुम्ही दर वेळी म्हणालात, "माझ्या रजिस्टरात तोच दिवस आहे." मला तुमचा फार राग होता. आता नाही. आज घरी जाताना तेवढं इथं ठेवून जा.

पण खरं सांगू? तो नियम अजून भिंतीवर आहे. काका निवृत्त झाले तर उंदरांचं काय? सोमवारी कुणी रिकाम्या हातानं आलं तर त्यानं कुणाच्या उशाशी जायचं?

म्हणून आज सकाळी ताबा देणं-घेणं चाललं होतं, तिथं मी मुद्दाम घुटमळले. काका यादी वाचत होते. कपाटं चार. पिवळे डबे सोळा. मांजर एक. मग शेवटची ओळ: उंदीर, चालू स्थितीत.

नवे साहेब चष्मा पुसून म्हणाले, "मला तर कुठं दिसत नाहीत."

काका म्हणाले, "खिडकीवर बसा. दिसतील."

नवे साहेब खिडकीवर बसून बाहेरच्या रांगेकडे बघू लागले. मग त्यांनी पेन मागितलं आणि 'उंदीर मिळाले' असं लिहून खाली सही केली.

नवे साहेब, तुमचे आभार. अध्यक्षांचे, डॉक्टरबाईंचे, काकूंचे आभार. मांजरीचे विशेष, तिनं कधी तोंड उघडलं नाही. बोलण्याच्या भरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा. आणि ती माफी काकांनी आम्हाला सुई दिली तशीच द्या, बदल्यात जुनं काही न मागता.