गोठ्यात राहिलेला मग

आप्पासाहेब : आत न्हाय येत, हिंदुराव. पाय चिखलानं भरल्यात. एवढा थर्मासचा मग द्यायला आलो. तुमच्या लेकीचाच न्हवं ह्यो?

हिंदुराव : तिचाच की. बुडाला पोचा हाय बघा, स्कूटीवरनं पडला व्हता. पर त्यो तुमच्याकडं कसा? स्वरूपा तुमच्या वस्तीवर जात न्हाय असं ऐकून व्हतो मी.

आप्पासाहेब : ती जात न्हाय असं न्हाय. मीच येऊ दिली न्हवती. दिवाळीच्या आदी आली व्हती, फाटकातनंच माघारी धाडली. म्हणलं, जनावरांची डॉक्टर झालीस ती कागदावर. गाईला हात घालणं बाईमाणसाचं काम न्हाय, मोठ्या डॉक्टरांना पाठव.

हिंदुराव : ठावं हाय मला.

आप्पासाहेब : आज आमची चंद्री अडली. पहाटंपासनं कळा देतीया आन् वासरू काय बाहेर येईना. मोठं डॉक्टर बारामतीला गेल्यालं. फोन केला तर म्हणलं, स्वरूपाला बोलवा, माझी वाट बघू नका, गाय जाईल. मला तर तोंडच न्हवतं. शेवटी आमच्या ठमाबाईनं माझ्या हातातनं फोन घेतला आन् बोलावलं.

हिंदुराव : आली?

आप्पासाहेब : इसाव्या मिंटाला दारात. दिवाळीचं नाव न्हाय, काय न्हाय. ह्यो मग गव्हाणीच्या कट्ट्यावर ठिवला, बाह्या वर केल्या आन् गरम पाणी मागितलं.

हिंदुराव : त्या मगाचं नका इचारू. त्यात काळी कॉफी असती, बिनदुधाची. साडेसहाला तिची आय शकुबाई भरून देती. पोरगी दिवसाला दहा गोठं फिरती, दर गोठ्यात च्या. पित्त व्हायला लागलं तसा ह्यो मग धरला. आन् लोकं मला इचारायची, हिंदुराव, लेक मगातनं काय पिती? मीबी तिलाच बोलायचो, लोकांचा च्या नको म्हणतीस, बरं दिसतं का?

आप्पासाहेब : ऐका तर. वासराची मान माघारी वळल्याली. हिनं खांद्यापतुर हात घातला. गाईनं कळ दिली की आतल्या आत हात आवळायचा तिचा, तोंडावर दिसायचं. दात चावायची, पर हात काढला न्हाय. उजवा बधिर झाला की डावा. दीड तास, हिंदुराव! मी म्हणलं, जाऊ द्या वासरू, गाय तेवढी वाचवा. तर म्हणती, आप्पा, अजून दोघंबी जित्ती हायती. तुमी दोरी धरा, आन् मी सांगीन तवाच ओढा.

हिंदुराव : तुमाला म्हणली?

आप्पासाहेब : मला! धरली की गुमान. मधी जरा घाई केली तर वरडली, मी सांगितलं का ओढा म्हणून? पन्नास वर्सं जनावरं राखली मी, असं कुणी बोललं न्हवतं. आन् तिचंच बरोबर व्हतं.

हिंदुराव : मग, मान फिरली का?

आप्पासाहेब : फिरली, वासरूबी आलं. पर निपचित. श्वासच न्हाय. ठमाबाईनं तर डोळ्याला पदर लावला. पोरीनं नाकातोंडातला चिकटा काढला, मागच्या पायांनी उलटं धरलं, गोणपाटानं चोळचोळ चोळलं. शेवटी नाकात वाळल्या गवताची काडी फिरवली आन् शिंकलं की वो! कालवड हाय. कपाळावर पांढरा टिळा.

हिंदुराव : जगली तर! ऐकतोय. बोला तुमी.

आप्पासाहेब : मग हातपाय धुऊन कट्ट्यावर टेकली. झाकण उघडलं तर आतनं वाफ! साडेसहाची कॉफी, साडेदहाला. पेल्यात वतून आदी ठमाबाईला दिली. काकू, म्हणली, तुमी पहाटंपासनं उपाशी हायसा. कडू जहर, पर आमच्या मंडळीनं थेंब ठिवला न्हाय. तेवढ्यात तिला पळसदेव गावच्या गोठ्यातनं फोन आला, तशीच निघाली. ह्यो मग ऱ्हायला तितंच.

हिंदुराव : पर ह्यो जड लागतोय की.

आप्पासाहेब : लेकीबाळीचं भांडं रिकामं कसं धाडायचं? ठमाबाईनं राखंनं घासून चीक भरलाय. खरवस करा.

(स्वरूपा अंगणात स्कूटी लावून ओट्यापाशी येते.)

स्वरूपा : आप्पा? तुम्ही इथं? चंद्रीची वासरामागची वार पडली ना?

आप्पासाहेब : पडली, दुपारीच. सगळी साफ.

स्वरूपा : आणि कालवडीनं चीक प्यायला?

आप्पासाहेब : तट्ट फुगली. तिचं झाल्यावर उरला त्यो ह्यात हाय.

स्वरूपा : मग ठीक. चंद्रीला आज कोमट पाणी द्या, उद्या सकाळी मी येऊन ताप बघते.

आप्पासाहेब : डॉक्टर, त्ये दिवाळीचं...

स्वरूपा : राहू द्या, आप्पा.

आप्पासाहेब : न्हाय, बोलू द्या. ह्यो मग काय, कुणाच्याबी हातनं धाडला असता. तुमच्या आबांम्होरं बोलायचं व्हतं, म्हणून सोता आलो. चुकलो मी.

स्वरूपा : राग आला होता मला, खोटं कशाला सांगू? तुमच्या फाटकातनं निघाले ती सरळ रतनकाकूंच्या गोठ्यात गेले. त्यांची म्हैस बघितली, मगच घरी आले. काम नाही थांबवलं. पण तुम्ही आबांसमोर बोललात, ते बरं झालं.

आप्पासाहेब : मोठ्या डॉक्टरांना फोन करून सांगितलंय, आमच्या वस्तीवर आता दुसऱ्या कुणाला धाडू नका. येतो, हिंदुराव.

हिंदुराव : सावकाश जावा, आप्पासाहेब. ठमावहिनींना चीक पोचला म्हणून सांगा.

स्वरूपा : आबा, तो मग इकडं द्या, चीक आत ठेवते.

हिंदुराव : हात दुखतोय का?

स्वरूपा : खांदा दुखतोय. उद्यापर्यंत थांबेल.

हिंदुराव : मी तुला बँकेच्या परीक्षेला बस म्हणत व्हतो. पंख्याखालची नोकरी.

स्वरूपा : अजून म्हणता की.

हिंदुराव : आता न्हाय म्हणणार. उद्या किती वाजता निघणार?

स्वरूपा : सातला. आधी आप्पांची वस्ती, मग भवानीनगर. का?

हिंदुराव : स्कूटीला केवढा चिखल लागलाय. मी धुऊन ठिवतो. डॉक्टरची गाडी हाय ती.