खरा रंग दाखवणारा लाइट

लाइटवाला : ...आणि हा अठरा इंची. स्टँडची घडी होते, पिशवीत बसतो, मोबाइल मधोमध अडकवायचा. चेहरा असा उजळतो ना, की—

मेकअपवाली : चेहरा नकोय हो मला! रंग खरा दाखवणारा लाइट द्या. जसा आहे तसा. आणि जरा हात उचला, सव्वाचार झाले.

लाइटवाला : ताई, आधी दम तर घ्या. नवऱ्या सजवता ना तुम्ही? मागच्या वर्षी माझ्याकडूनच रिंग लाइट नेलात. गुलाबी उजेडाचं बटण असलेला.

मेकअपवाली : त्यानंच घात केला माझा.

लाइटवाला : बिघडला? घेऊन या, बदलून—

मेकअपवाली : बिघडला असता तर बरं झालं असतं! त्याच्याच उजेडात चार दिवस बाबांच्या पायाचे फोटो काढले मी. जखमेचे. रोज डॉक्टरांना पाठवले. ते रोज म्हणायचे, रंग बरा दिसतोय, औषध चालू ठेवा. आज सकाळी ड्रेसिंगला नर्स आली. तिनं पाय खिडकीशी नेला आणि म्हणाली, हे कधीपासून?

लाइटवाला : म्हणजे?

मेकअपवाली : काळा पडलाय हो. दोन बोटं. मला ते दिसलंच नाही. फोटोत गुलाबी, म्हणून मीही खूश. बाबांना शुगर, पायाला कळत काही नाही, आणि वाकून तळवा बघता येत नाही त्यांना. ते फोटोच बघायचे. मी दाखवायची, बघा बाबा, किती छान भरून येतंय.

लाइटवाला : अरे देवा... मग हॉस्पिटल?

मेकअपवाली : इथलं म्हणतं, गुडघ्याखाली कापू, आजच सही करा. आमचे डॉक्टर तीन तासांवर. ते म्हणतात, पाच वाजता मी दुसऱ्या ऑपरेशनला शिरणार, त्याआधी खऱ्या रंगाचा एक फोटो पाठव. काळं बोटांपुरतं असेल तर इकडे ये. वर चढलं असेल तर वाटेत वेळ घालवू नकोस, तिथंच सही कर. आता कळलं मला काय हवंय?

लाइटवाला : कळलं. ठेवा तो अठरा इंची बाजूला. तुम्ही सरळ उन्हात का नाही काढला?

मेकअपवाली : काढला ना. अर्धा पाय पांढराफटक, अर्धा सावलीत. जखम बोटांच्या बेचक्यात, तिथं नुसता अंधार. मोबाइलचा फ्लॅश मारला तर सगळं चकाकतं. तेव्हा हा रंगीत पॅनल देता का? मोठा दिसतोय.

लाइटवाला : त्याला हातही लावू नका. त्यात हजार रंग आहेत, खरा एकही नाही. रीलवाल्यांसाठी ठीक. थांबा... हा घ्या. तळहाताएवढा. खोक्यावरचा हा आकडा बघा, सत्त्याण्णव. उन्हात दिसतो त्याच्या जवळपास रंग दाखवतो, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक हा आकडा कधी वाचत नाही. आम्हीही सांगत नाही, खरं बोलायचं तर.

मेकअपवाली : मागच्या वर्षी मला का नाही सांगितलंत?

लाइटवाला : तुम्ही विचारलंत, गोरं कशात दिसेल. मी दिला.

मेकअपवाली : ...हो. असंच विचारलं होतं.

लाइटवाला : घरी किती वेळात पोचाल?

मेकअपवाली : घरी कशाला? बाबा गाडीत आहेत, दारात. मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलंय.

लाइटवाला : आणि हे आत्ता सांगताय? चला, चला! हे पांढरं झाकण घ्या, उजेड मऊ पडेल. एक कोरा कागदही घेतो.

(दुकानासमोर गाडी उभी. मागचा दरवाजा उघडा.)

बाबा : किती वेळ गं? आणि हे कोण?

मेकअपवाली : लाइटवाले आहेत. बाबा, पट्टी सोडते हां परत.

बाबा : सोड की. मला काय कळतंय.

लाइटवाला : काका, गाडी थोडी पुढे घेतो आधी. वर निळी ताडपत्री आहे, सगळं निळं येईल. ताई, चावी द्या... हं. आता हा लाइट मी बाजूनं धरतो. समोरून नको. कागद पायाशेजारी ठेवा. फोटोत कागद पांढरा आला तर पायाचा रंगही खरा.

बाबा : हुशार आहात. मी शिंपी. पन्नास वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो, कापडाचा रंग दुकानातल्या उजेडात बघू नका, दारात नेऊन बघा. हिलाही शिकवलं होतं.

मेकअपवाली : बाबा, नका ना.

बाबा : मी काय बोललो?

मेकअपवाली : काढते. हललं. परत... कागद पिवळा का येतोय? पिवळा येतोय हो कागद!

लाइटवाला : फोन बघू. ताई, अहो ब्यूटी चालू आहे! त्वचा गुळगुळीत करणारं. तेच रंगही बदलतंय.

मेकअपवाली : ते... ते नेहमीच चालू असतं माझं. म्हणजे चार दिवस लाइटही तसला आणि फोनही तसला? मी माझ्या बापाच्या पायाला मेकअप करत होते!

लाइटवाला : रडायचं नंतर. हात स्थिर ठेवा. मीच बंद करतो ते... झालं. काढा आता. बोटं थोडी फाकवा. आणखी जवळ. टाच पण घ्या. वर घोट्यापर्यंत घ्या.

मेकअपवाली : माझ्याच्यानं बघवत नाही.

लाइटवाला : बघू नका. नुसतं बटण दाबा. कागद पांढरा आलाय. पाठवा.

मेकअपवाली : गेले. चार फोटो गेले. त्यांनी उघडले नाहीत. किती वाजले?

बाबा : पाचला वीस कमी. अगं, बस जरा.

मेकअपवाली : इथल्या हॉस्पिटलचाही फोन येतोय. काय सांगू त्यांना? काय सांगू?

लाइटवाला : वाजू द्या.

मेकअपवाली : मशीन कसं चालवतील हो ते? एका पायानं?

बाबा : मी ऐकतोय हां. तसाही पुढच्या महिन्यापासून शिवायला बसणार नव्हतोच. चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही आता.

मेकअपवाली : उघडले! लिहितायत... लिहितायत... थांबले. परत लिहितायत.

लाइटवाला : वाचा.

मेकअपवाली : 'दोन बोटं जाणार. तिसऱ्याची खात्री नाही. घोट्यावर चढलेलं दिसत नाही. पाय वाचेल असा शब्द देत नाही, प्रयत्न करतो. आत्ता निघा. कालचा फोटो असा का नव्हता?'

लाइटवाला : निघा मग. लाइट राहू दे तुमच्याकडे, वाटेत पुन्हा फोटो मागितला तर लागेल. हिशेब मग बघू.

मेकअपवाली : त्यांना काय उत्तर देऊ?

लाइटवाला : आत्ता काही नका देऊ. गाडी चालवा.

बाबा : जरा थांब. तो फोटो मला दाखव.

मेकअपवाली : नको, बाबा.

बाबा : रोज दाखवायचीस की. मी न मागता दाखवायचीस.

मेकअपवाली : ते वेगळे होते.

बाबा : म्हणूनच हा दाखव. इकडे दे फोन.

मेकअपवाली : ...घ्या.

बाबा : हं. हा अंगठा. ही जुनी सुईची खूण. हो, हा माझाच आहे. चल, घे गाडी.