मछलीपट्टणचा समुद्र

—अवो साहेब, बाटलीत वाकून काय बघताय? कोरडी हाय ती. चार दिस झालं, थेंब न्हाई. मी सांगितलं तर इस्वास न्हाई तुमचा—पुन्याहून मोटारीनं आलासा, रिकामी बाटली बघायला! बसा हितं वट्ट्यावर, ताक घ्या. आमचं मालक व्हय? धुळा? त्यो गेलाय मेंढरामागं, सीना नदीच्या अंगाला. येईल की. ह्या डाकबंगल्याचा चौकीदार त्योच, अन् तुमचं हे पावसाचं भांडं बी त्याच्याच नावावर. सकाळी आटाला मोजायचं, वहीत आकडा मांडायचा, कारड धाडायचं. एक दिस चुकला न्हाई, लिवून घ्या तसं.

तुमच्या आदी एक चष्मेवाला साहेब आलता. त्यो म्हनला, बाई, पाऊस समुद्रात तयार हुतो—उनानं पानी तापतंय, वाफ वर जाती, अन् वारा तिला उचलून आनतोय. म्हटलं, मग आमच्याच वाटनीला का येत न्हाई? तर म्हनं मधी घाट हाय. पच्छिमेचा समुद्र समदा माल घाटावरच उतरवतोय अन् आमच्याकडं निस्ता वारा धाडतोय. बघा की! समदा आखाड आमच्या डोईवरनं काळं ढग जात्यात, पर थांबंल तर शपथ. आमचा खरा पाऊस भादव्यात, त्यो उगवतीच्या समुद्राचा. अन् ह्याच्याम्होरं ऐका—म्हनं तिकडं अमेरिकेत उन्हाळ्यात हवा जड झाली, की हितं पाऊस बरा! मी हसून हसून मेले. मेंढरं मंद्रूपच्या माळाला, अन् त्यांच्या चाऱ्याचा निकाल अमेरिकेत! म्हटलं, साहेब, तितल्या बायास्नी सांगावा धाडा—हवा जरा जड ठेवा, आमचं कोकरू उपाशी हाय.

धुळा तर माझ्यापरीस जास्त हसला. त्यो समद्यालाच हसायचा. भांड्याला काय म्हनायचा ठावं हाय? साहेबाची तपेली. म्हनायचा, पाऊस मोजायचा कशाला, अंग भिजलं की कळतोय. खरं सांगू, हात त्यानं लावलाच न्हाई कदी. मीच मोजायची—आता हे लिवू नगासा. आकडं मला येत्यात. शाळंतल्या पंचाक्षरी मास्तरांनी शिकवलं. इंच आनि शेंट—शंभर शेंटाचा एक इंच.

त्याच मास्तरांनी परवाच्या—परवाच्या म्हंजे, झाली की दोन वर्सं—भादव्यात पेपर वाचला अन् दुपारी पळत आलं. म्हनलं, मछलीपट्टणला समुद्रात वादळ उठलंय, किनारा चढून हैद्राबादेकडं निगालंय. मी भाईर येऊन पदर धरून बघितला. रोज पच्छिमेकडं तोंड केलं की वारा नाकावर यायचा, त्या दिशी पाटीवर आला. उगवतीचा! तशीच नदीला पळाले. आमचा मेंढरांचा वाडगा पात्रातच, बेटावर—चारा तितंच हुता. म्हटलं, काढा मेंढरं. तर धुळा म्हनला, "मछलीपट्टण कुटं, आपुन कुटं? समुद्र काय चालत येतोय व्हय गं?" लोळून लोळून हसला. मी म्हटलं, चालत न्हाई, उडत येतोय. भांडले लई. शिव्या दिल्या—तुमच्याम्होरं सांगण्याजोग्या न्हाईत. शेवटी दिस बुडायच्या आत साठ मेंढरं मीच वर काढली. त्यो बी आला, पर हसतच. सकाळी बघतोय तर त्याचा लंगडा मेंढा मागंच ऱ्हायलेला. पाऊस मुसळावानी. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या. त्यो म्हनला, "गुडघाभर तर पानी हाय." व्हतं बी गुडघाभर. मेंढा त्यानं खांद्यावर घेतला, निम्म्यात आला, अन् वरनं लोंढा आला—

—म्हंजे काय, आला वर. मेंढा आला. प्वोहत आला.

कपाळाकडं काय बघताय? तुमची मोटार दिसली तवा लावलं हे कुंकू. गडबडीत वाकडं लागलं असंल. दोन वर्सांत पैल्यांदा.

धुळा तिसऱ्या दिशी घावला, पार खाली, भीमेजवळ. अन् लोंढा आला त्याच सकाळी मी काय केलं सांगू? काठावरची मानसं वरडतीत, अन् मी आट वाजता हितं आले. का आले, मला इचारू नगासा. भांडं मोजलं. सा इंच, चाळीस शेंट. दोनदा मोजलं. त्याला दाखवायचं हुतं, बघ म्हनून—समुद्र आला का न्हाई आपल्या दारात? कुनाला दाखवू? वहीत मांडलं. खाली त्याचं नाव हुतंच, ते ऱ्हाऊ दिलं. मग रोजच ऱ्हायलं. गाव काय बोललं न्हाई. मास्तर बी न्हाई.

घ्या, आता ताक पिऊन टाका. अन् वही काढलीच हाय तर लिवा, चौकीदार मयत. मला घालवायचं तर घालवा, पर दुसरं मानूस येईस्तवर भांडं मीच मोजनार. तुमी नगं म्हटलं तरी मोजनार.

काय? माझं नाव? कशाला? —बायामानसाचं नाव चालतंय व्हय मोजनाऱ्याच्या रकान्यात? न्हाई चालत? अन् तरी बी लिवताय?

म्हाळसाबाई. नीट काडा अक्षर, डाग पाडू नगासा. झालं? मग उटा आता, मोटार त्या लिंबाखालनं काडा. शेळ्या बांदायच्यात मला तितं.