शेठची पहार

आमचे बाबा फार कट्टर होते, पण देवाच्या नाही, लोखंडाच्या बाबतीत. भाईंदर, वसई आणि बोरिवलीत एकाच घरातल्या तीन भावांची हार्डवेअरची दुकानं होती. बाबांना साधा खिळासुद्धा तिथलाच लागायचा. लढाईच्या टंचाईत तिथं बिजागरी मिळेना, तेव्हा त्यांनी दार सुंभानं बांधलं, पण दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

एका अमावस्येला ते आमच्या मिठाच्या कोठारात आतून कडी लावून झोपले आणि गंजलेली कडी अडकली. शेजारचा पास्कू पहार घेऊन धावला.

बाबांनी आतून विचारलं, "कोणाच्या दुकानातली हाय?"

"दुसऱ्याच्या."

"मंग दाराला लावायची न्हाय."

आई वैतागली. "अवं, कोंडून घातलं ती कडी त्यांचीच हाय ना?"

"कडीचा दोष न्हाय. आपलं मीठच खारट."

अमावस्येमुळे दुकान बंद होतं, म्हणून पास्कूनं तीन भावांपैकी भाईंदरच्या शेठना घरूनच आणलं. त्यांनी आपल्या पहारेनं दार उघडलं. बाबा भरल्या डोळ्यांनी पहारेवरून हात फिरवत म्हणाले, "ह्याला म्हनतात आपल्या दुकानाचा माल."

शेठ खाली बघत म्हणाले, "ही दुकानातली नाय. आमचीवाली वाकते, म्हणून घरासाठी ठाण्याहून आणली."

 बाबा परत कोठारात गेले आणि दार ओढून घेतलं.