कोरी नक्कल

आम्ही मूळचे नामपूरचे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ओळखीच्या वकिलांनी म्हातारपणी काम थांबवताना आपला टाइपरायटर वडिलांना दिला, म्हणून वडील नाशकात आले आणि कचेरीबाहेरच्या झाडाखाली अर्ज लिहायला बसले. त्यांच्यामागे यंत्र आणि जागा माझ्याकडे आली. माझं शिक्षण सातवी, पण माझा मसुदा वाचून वकीलही विचारतात, कुणी केला. हे गर्वाने नाही, माहितीस्तव सांगतो.

यंत्राची निगा म्हणाल तर रोज सकाळी जुन्या टूथब्रशने अक्षरं घासतो, आठवड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, वर आईने शिवलेलं झाकण. वडिलांचा नियम असा की कागद काढला की नक्कल उजेडात धरायची, अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा.

मागच्या वर्षी हरसूलकडच्या यमुनाबाई आल्या, नवरा वारलेला, डोंगरावर कसत असलेल्या वनजमिनीच्या तुकड्याचा दावा, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. आता काय सांगू तुम्हाला, भोवती चारजण जमलेले, मी टाइप करता करता त्यांना कायदा समजावतोय, ते साहेब साहेब म्हणतायत, आणि त्या नादात मी दोन कागदांमधला कार्बन उलटा घातला. तसा घातला की अक्षरं पहिल्याच कागदाच्या पाठीवर उमटतात, नक्कल कोरी राहते. मी वाचून दाखवलं नाही, उजेडात धरलं नाही, अर्जावर अंगठा घेतला आणि दोन्ही कागद घडी करून दिले. आत कुणीतरी नक्कल न उघडताच पोचेचा शिक्का मारला.

दिवाळीनंतर बाई परत आल्या. अर्ज सापडत नाय, नक्कल दाखवा म्हणत्यात, असं म्हणत त्यांनी प्लास्टिकमध्ये जपलेला कागद काढला. शिक्का होता, तारीख होती, बाकी कागद कोरा. वाचा ना साहेब, काय लिवलंय. मी म्हणालो, यंत्र जुनं झालंय बाई, शाई धरत नाही, उडून गेली. त्यांनी यंत्रावरून हात फिरवला, म्हणाल्या, म्हातारपणी आसंच व्हायचं, माझा नवराबी शेवटी कायच धरत नव्हता, पन टाकू नका हां त्याला.

वडिलांच्या काळापासून त्या यंत्राने एक अक्षर गिळलेलं नाही, आणि मी माझी चूक त्याच्यावर ढकलली. नवा अर्ज करून दिला, तो मुदतीबाहेरचा म्हणून परत आला. तेव्हापासून सकाळी ब्रश हातात घेतला की मान वर होत नाही.

परवा मी स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्र टाइप केलं, की सदर बाई मुदतीच्या दिवशीच आल्या होत्या, कार्बन मीच उलटा घातला, यंत्रात दोष नाही. शेजारचा कॉम्प्युटरवाला हसला, काका, स्वतःच्याच विरुद्ध लिहून देणारे तुम्ही पहिलेच, आता तुमच्यापुढे कोण बसणार. बरोबर आहे त्याचं. बाईंचं काम याने होईल की नाही तेही सांगता येत नाही, देव करो आणि होवो.

मंगळवारी त्या येतील. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मलाच वाचून दाखवायचं आहे, मोठ्याने, त्याच झाडाखाली, सगळ्यांदेखत. नक्कल उजेडात धरून पाहिली आहे. स्वच्छ उमटली आहे.